नोकरी शोधायला निघालेली एलिझेबेथ

मित्रांनो, प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की आपल्या होस्टेलचं रूपच पालटतं. एरवी मेसच्या भाजीवरून भांडणारी पोरं अचानक अ‍ॅप्टिट्यूडची गणितं सोडवायला लागतात, इस्त्रीवाल्याकडे फॉर्मल शर्टांचा ढीग पडतो आणि रात्री दोनला चहा करताना जीडीचे विषय निघतात. यंदा आमच्या विंगमध्ये एक प्रश्न सगळ्यात जास्त ऐकू आला. सायबर सिक्युरिटीत नोकरी कशी मिळते रे? कुणी म्हणतं अमुक सर्टिफिकेट कर, कुणी म्हणतं तमुक कोर्स लाव. जाहिरात बघावी तर वर फ्रेशर चालेल असं लिहिलेलं, आणि खाली दोन वर्षांचा अनुभव मागितलेला! अनुभवाशिवाय नोकरी नाही, नोकरीशिवाय अनुभव नाही. आता करायचं तरी काय?

या विषयावर सल्ले देणारे पुष्कळ आहेत. मी तुम्हाला सल्ल्याऐवजी एका बाईंची गोष्ट सांगणार आहे. या बाईंनी सुरुवात केली तेव्हा या क्षेत्राला नाव नव्हतं, डिग्री नव्हती, सर्टिफिकेट तर नव्हतंच नव्हतं. त्यांचं स्वतःचं शिक्षण होतं इंग्रजी साहित्याचं. आणि तरीसुद्धा अमेरिकेच्या सरकारी खात्यांना एकामागोमाग एक त्यांचं दार ठोठवावं लागलं. त्यांचं नाव एलिझेबेथ स्मिथ फ्रीडमन.

नावापासूनच गंमत आहे. इंग्रजीत एलिझाबेथ लिहिताना झेडनंतर जो ए येतो, तिथे यांच्या नावात ई आहे. पोरीला कुणी लाडाने एलायझा म्हणू नये म्हणून आईने हा बदल केला, असं सांगतात. पुढे अख्खं आयुष्य अदलाबदल झालेली अक्षरं जागेवर लावण्यात जाणार होतं, त्याचा श्रीगणेशा असा पाळण्यातच झाला म्हणायचा!

जन्म २६ ऑगस्ट १८९२ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, हंटिंग्टन गावाजवळचा. घर क्वेकर पंथाचं. वडिलांचा दुधाचा धंदा. भावंडांची पलटण मोठी आणि ही शेंडेफळ. हिला कॉलेजात जायचं होतं, वडिलांना ते पसंत नव्हतं. शेवटी त्यांनी पैसे दिले, पण कर्ज म्हणून, सहा टक्के व्याजाने! एज्युकेशन लोनचे हप्ते मोजणाऱ्या आपल्या मित्रांना हा दर हलका वाटेल, पण इथे सावकार घरातलाच होता.

१९१५ मध्ये मिशिगनच्या हिल्सडेल कॉलेजातून ती पदवीधर झाली. थोडे दिवस एका शाळेत काम केलं, पण मन रमेना. १९१६ च्या उन्हाळ्यात नोकरी सोडून ती सरळ शिकागोला आली. आठवडाभर चपला झिजवल्या, काही जमलं नाही. परत जायच्या आधी म्हणून ती न्यूबेरी लायब्ररीत गेली, कारण तिथे शेक्सपिअरच्या नाटकांची १६२३ ची मूळ छापील आवृत्ती ठेवलेली होती. तिथल्या ग्रंथपाल बाईंशी बोलता बोलता तिने कामाचं विचारलं. पोरगी हे पुस्तक किती बारकाईने बघते आहे हे त्या बाईंनी हेरलं, आणि एका श्रीमंत माणसाला फोन लावला. त्याला शेक्सपिअरवर काम करणारी हुशार मुलगी हवीच होती.

हा माणूस म्हणजे कर्नल जॉर्ज फॅबियन. कापडाचा बडा व्यापारी, वल्ली माणूस. आपली मोटार घेऊन तो थोड्याच वेळात हजर झाला आणि त्याच दिवशी तिला शिकागोबाहेर जिनीव्हा गावी, आपल्या रिव्हरबँक नावाच्या जागेवर घेऊन गेला. ही जागा अजब होती. पवनचक्की, आवाजाची प्रयोगशाळा, गव्हाच्या वाणांवर संशोधन, आणि त्यातच शेक्सपिअर! एलिझेबेथचं वय त्या वेळी तेवीस. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या जवळपास.

आता काम काय होतं ते सांगतो, कारण आपल्या शाखेच्या लोकांना ते लगेच पटेल. फ्रान्सिस बेकन या इंग्रज विद्वानाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एक गुप्तलेखनाची युक्ती छापली होती. प्रत्येक अक्षरासाठी अ आणि ब या दोनच चिन्हांचा पाच जागांचा गट. पहिलं अक्षर अअअअअ, दुसरं अअअअब, असं पुढे. दोन चिन्हं, पाच जागा, म्हणजे बत्तीस शक्यता. त्यात त्या वेळची चोवीस अक्षरं आरामात बसतात. ओळखलंत ना? हे आपलं पाच बिटचं बायनरी कोडिंगच! मग कुठलाही साधा मजकूर छापायचा, फक्त दोन किंचित वेगळे टाइप वापरायचे. एक टाइप म्हणजे अ, दुसरा म्हणजे ब. वाचणाऱ्याला नेहमीचं पान दिसतं, आत दुसराच निरोप असतो.

फॅबियनकडे एलिझाबेथ गॅलप नावाच्या वयस्क बाई होत्या. शेक्सपिअरच्या त्या जुन्या पुस्तकात अशाच दोन टाइपांत बेकनने आपला गुप्त मजकूर दडवला आहे आणि नाटकं खरं तर बेकननेच लिहिली, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या एलिझेबेथने त्यांच्या हाताखाली काम सुरू केलं. भिंग घेऊन एकेक अक्षर तपासायचं. पण गंमत अशी की बाईंना जो फरक स्पष्ट दिसायचा तो हिला दिसेना. दुसऱ्या कुणी तीच पानं तपासली की वेगळंच उत्तर यायचं, नाहीतर काहीच अर्थ लागायचा नाही. तिथेच काम करणारा विल्यम फ्रीडमन हा जनुकशास्त्राचा पदवीधर तरुण अक्षरांचे फोटो मोठे करून द्यायचा. दोघांनी मिळून विचार केला आणि ते एकाच निष्कर्षाला आले. तिथे गुप्त मजकूर नव्हताच. जुन्या छपाईत खिळे झिजायचे, शाई पसरायची, म्हणून अक्षरं वेगळी दिसायची.

मित्रांनो, मला या सगळ्या चरित्रात हा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्या कामाचा पगार मिळतो ते कामच पोकळ आहे, हे तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी ओळखायचं आणि मान्य करायचं, ही साधी गोष्ट नाही. आजच्या सिक्युरिटी ऑपरेशन सेंटरमध्ये दिवसभर स्क्रीनवर अलर्ट पडत असतात आणि त्यातले बहुतेक खोटे असतात. जिथे काही नाही तिथे काही नाही असं पुराव्याने सांगता येणं हेच तर तिथलं पहिलं काम. एलिझेबेथ ते शेक्सपिअरच्या पानांवर शिकली.

एलिझेबेथ आणि विल्यमचं मे १९१७ मध्ये लग्न झालं. त्याच्या आदल्याच महिन्यात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती. शत्रूचे गुप्त संदेश फोडणारी धड यंत्रणा तेव्हा सरकारकडे नव्हती. फॅबियनने आपली माणसं देऊ केली आणि वॉशिंग्टनहून पकडलेल्या संदेशांची पाकिटं रिव्हरबँकला यायला लागली. शिकवायला सर नव्हते, सिलॅबस नव्हता. दोघं नवरा-बायको कागद-पेन्सिल घेऊन बसायचे, अक्षरं मोजायचे, कुठलं किती वेळा येतं त्याचे तक्ते करायचे. पुढे त्यांनी सैन्याच्या अधिकाऱ्यांचे वर्गही घेतले. म्हणजे वर्षभरापूर्वी नोकरी शोधत फिरणारी मुलगी आता शिकवायला उभी!

आणि इथेच या गोष्टीत आपला देश येतो.

रिव्हरबँकला आलेल्या संदेशांत अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांची पत्रं होती. गदर चळवळ आपण शाळेच्या इतिहासात वाचली आहे. जर्मनीच्या मदतीने हत्यारं मिळवून हिंदुस्थानात उठाव करायचा असा बेत होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे या चळवळीत होते. पुण्याजवळच्या तळेगाव ढमढेरे गावचे विष्णु गणेश पिंगळे तर इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत गेले होते, म्हणजे आपल्याच बिरादरीतले! ते उठावासाठी परत आले, मेरठच्या छावणीत पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फासावर गेले. फेब्रुवारी १९१५ चा तो उठाव फसला तो कुठला कोड फुटल्यामुळे नव्हे, तर आत शिरलेल्या एका खबऱ्यामुळे. सिक्युरिटीच्या पुस्तकात इनसायडर थ्रेट हा शब्द येतो तेव्हा मला ते पान आठवतं.

उरलेल्या मंडळींवर १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खटला उभा राहिला. त्यांच्या काही पत्रांत नुसते आकडे होते. हा पुस्तकी कोड. दोघांकडे एकच पुस्तक असतं आणि आकडे म्हणजे पान, ओळ, अक्षर. पुस्तक कुठलं ते कळल्याशिवाय फुटणार नाही अशी समजूत. पण लिहिणारा कंटाळतो, त्याच त्याच ओळीतून पुन्हा पुन्हा अक्षरं उचलतो. एका शब्दाचा अंदाज बरोबर आला की त्या ओळीतली बाकीची अक्षरं उलगडायला लागतात. रिव्हरबँकला हे संदेश पुस्तक हातात नसताना फुटले. कोर्टात साक्षीला विल्यम गेला. बऱ्याच जणांना शिक्षा झाल्या आणि एप्रिल १९१८ मध्ये, खटल्याच्या शेवटी, भर कोर्टात गदरचे नेते रामचंद्र यांना त्यांच्याच एका सहकाऱ्याने गोळी घातली.

हे वाचताना मला काय वाटलं ते सांगितलं पाहिजे. ज्या हुशारीचं मी इतका वेळ कौतुक करतोय तिचा उपयोग आपल्याच माणसांविरुद्ध झाला होता. त्या दोघांच्या बाजूने बघितलं तर ते आपल्या देशाचं युद्धकाळातलं काम करत होते. पण या धंद्यात कसब कुणाच्या हातात दिलं जातं, याचा हिशेब आकड्यांच्या तक्त्यात येत नाही. तो आपला आपण करावा लागतो. ऑफर लेटरवर सही करताना पॅकेजच्या आकड्याबरोबर हाही प्रश्न स्वतःला विचारावा, इतकंच माझं म्हणणं.

असो. पुढे चलू या. १९२० च्या अखेरीस दोघांनी रिव्हरबँक सोडलं आणि १९२१ पासून वॉशिंग्टनमध्ये सैन्यासाठी काम सुरू केलं. काम सारखंच, पण बाईंचा पगार नवऱ्याच्या निम्म्याच्या आसपास! यथावकाश बाईंनी नोकरी सोडली, मुलगी झाली. करिअर संपलं असं कुणालाही वाटलं असतं. पण १९२५ मध्ये कोस्ट गार्डचा एक अधिकारी त्यांच्या घरी आला. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती आणि समुद्रातून चोरटी दारू यायची. बोटी किनाऱ्यापासून लांब उभ्या राहायच्या आणि वायरलेसवर सांकेतिक निरोप चालायचे. पकडलेल्या संदेशांचा नुसता ढीग साठला होता. बाईंनी एक अट घातली. काम घरी बसून करणार. वर्क फ्रॉम होम, तेही तेव्हा! सरकारने मुकाट्याने मान्य केलं.

हातात एक मदतनीस घेऊन त्यांनी पहिल्या तीन वर्षांत सुमारे १२,००० संदेश सोडवले. तस्करही काही साधे नव्हते. व्यापारी लोक तार स्वस्तात पाठवायला जे कोश वापरायचे, त्यातल्या एकातून शब्दाचा आकडा काढायचा, त्यात एक ठरलेली संख्या मिळवायची, आलेल्या आकड्यापुढचा शब्द दुसऱ्या कोशातून घ्यायचा आणि वर त्याची अक्षरं बदलायची. असे थरावर थर. बाई एकेक थर उतरवत जायच्या.

१९२९ च्या मार्चमध्ये आय्म अलोन नावाचं कॅनडाचं जहाज अमेरिकन कोस्ट गार्डने बुडवलं. दोन देशांत भांडण लागलं, कॅनडाने भरपाई मागितली. बाईंनी सोडवलेल्या तारांवरून जहाजाचे खरे मालक अमेरिकनच आहेत हे उघड झालं आणि १९३५ मध्ये जहाजाची व मालाची भरपाई नाकारली गेली. १९३३ साली न्यू ऑर्लिन्सला तस्करांच्या मोठ्या टोळीवर खटला चालला. आरोपींच्या वकिलांनी बाईंच्या उत्तरांना नुसते अंदाज ठरवायचा प्रयत्न केला. बाईंनी काय करावं? त्यांनी चक्क फळा मागवला आणि ज्युरीच्या सामान्य माणसांना सायफर कसा चालतो ते खडूने शिकवलं! टोळीचे म्होरके दोषी ठरले. मला तर वाटतं, व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर त त प प करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग लिहून भिंतीला चिकटवावा. शोधून काढणं हे अर्धं काम. दुसऱ्याला पटेल असं सांगणं हे उरलेलं अर्धं.

एकट्याने किती करणार, म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे हट्ट धरला. १९३१ मध्ये कोस्ट गार्डमध्ये त्यांच्या हाताखाली छोटं पथक मंजूर झालं. माणसं त्यांनीच निवडली, त्यांनीच शिकवली. १९३७ च्या सुमारास कॅनडात अफूच्या तस्करीचं प्रकरण निघालं. त्यातले संदेश चिनी भाषेवर आधारलेले. बाईंना चिनी येत नव्हतं. तरी त्यांनी ते सोडवले.

मग दुसरं महायुद्ध. बाईंचं पथक नौदलाकडे गेलं आणि एका लष्करी अधिकाऱ्याला प्रमुख नेमलं. ज्यांनी पथक उभं केलं त्या बाई आता कागदोपत्री दुय्यम! काम मात्र त्याच करत होत्या. दक्षिण अमेरिकेत नाझी हेरांचं जाळं होतं, त्यांचे रेडिओ संदेश या पथकाने फोडले. त्यात एनिग्मा यंत्राचे संदेशही होते. १९४२ मध्ये ब्राझीलमध्ये घाईने धरपकड झाली आणि आपले संदेश वाचले जातात हे उरलेल्या हेरांना कळलं. त्यांनी सगळे सायफर बदलले. बाईंना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि त्यांनी ती केली. शत्रूचं आपल्याला कळलंय हे शत्रूला कधी कळू द्यायचं, हाही या कामाचा भाग आहे.

युद्ध संपल्यावर हेर पकडल्याचं श्रेय एफबीआयने जाहीरपणे घेतलं. बाईंनी गुप्ततेची शपथ घेतली होती, त्या गप्प राहिल्या. कागदपत्रं सरकारी कपाटात कुलपात गेली आणि उघडली तेव्हा एकविसावं शतक उजाडलं होतं. मधल्या काळात त्यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसाठी गुप्त संदेशांची पद्धत बसवून दिली. म्हणजे चोर पकडण्यापासून तिजोरी बांधण्यापर्यंत दोन्ही बाजू झाल्या! आणि १९५७ मध्ये नवरा-बायकोंनी मिळून शेक्सपिअरमधल्या तथाकथित गुप्त मजकुराचा फोलपणा दाखवणारं पुस्तक छापलं. पहिल्या नोकरीत लक्षात आलेली गोष्ट चाळीस वर्षांनी पुराव्यांसह पूर्ण केली. याला म्हणतात सबमिशन!

विल्यम १९६९ मध्ये गेले. त्यानंतर बाईंनी त्यांचे कागद नीट लावून व्हर्जिनियातल्या मार्शल लायब्ररीला दिले. त्या स्वतः ३१ ऑक्टोबर १९८० रोजी गेल्या. तेव्हा त्यांचं युद्धातलं मोठं काम जगाला ठाऊकच नव्हतं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने त्यांना आपल्या मानाच्या यादीत घेतलं. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत दोघांची एकच समाधी आहे. तिच्यावर ज्ञान हीच शक्ती या अर्थाचं बेकनचं वचन कोरलंय, आणि त्या अक्षरांच्या दोन वळणांत बेकनच्याच पद्धतीने विल्यमच्या नावाची आद्याक्षरं दडवलेली आहेत. येणारे-जाणारे वचन वाचून पुढे जातात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. नोकरी कशी मिळते? बाईंचं आयुष्य बघितलं तर पहिली नोकरी नशिबाने मिळाली असं वाटेल. पण त्या दिवशी लायब्ररीत शेकडो लोक येऊन गेले असतील, फोन हिच्यासाठी लागला, कारण एक जुनं पुस्तक ती मन लावून बघत होती आणि ते दुसऱ्याला दिसलं. पुढची प्रत्येक नोकरी आधीच्या कामाने आणून दिली. सैन्याने रिव्हरबँकचं काम बघितलं होतं, कोस्ट गार्डने त्यांचं नाव ऐकलं होतं, कॅनडाने त्यांचे खटले वाचले होते.

म्हणून मी आमच्या विंगमध्ये सध्या एकच तुणतुणं वाजवतोय. सर्टिफिकेट जरूर करा, एचआरच्या चाळणीतून पुढे सरकायला ते लागतं. पण त्याबरोबर दाखवता येईल असं काहीतरी करा. दोन जुने कॉम्प्युटर जोडून स्वतःची लॅब लावा. त्यावरच हल्ला करून बघा, लॉग वाचा, काय सापडलं आणि काय नाही सापडलं ते दोन पानांत लिहा. कॅप्चर द फ्लॅग स्पर्धेत एखादं कोडं सुटलं तर कसं सुटलं ते ज्युनिअरला फळ्यावर समजावून सांगा. मात्र दुसऱ्याच्या सिस्टिमला परवानगीशिवाय हात लावू नका. होस्टेलच्या वाय-फायवर गंमत म्हणून केलेला उद्योगसुद्धा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हा ठरू शकतो, आणि पोलिस व्हेरिफिकेशनच्या वेळी तो आडवा येतो. फॅबियनची मोटार आपल्या गेटवर येणार नाही हे मान्य, पण इंटरव्ह्यूला समोर ठेवायला आपल्याजवळ एक जाड वही तर असेल!

येत्या सीझनला बसणाऱ्या सगळ्यांना माझ्या मनापासून शुभेच्छा. आणि हो, आमच्या रूममध्ये दर रविवारी संध्याकाळी आम्ही चार-पाच जण अशी कोडी सोडवायला बसतो. कुठल्याही ब्रँचचं कुणीही या, चहा आमच्याकडून!